हात धरून आत नेणारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 9:26-30, 11:22-26, 15:36-39



उन्हाळा सरतो न सरतो तोच परीक्षांचे निकाल लागू लागतात, आणि आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत एक आनंदाचा देखावा पाहावयास मिळतो. रविवारी उपासना आटोपल्यावर पाळक एखाद्या मुलास किंवा मुलीस पुढे बोलावितात. फुलांचा हार घालितात. कोणी वडील मनुष्य चार शब्द बोलतो. आई पदराने डोळे टिपते. घरात पहिलाच पदवीधर झालेला असतो. हा सत्कार योग्यच आहे, आणि तो बंद करा असे सांगावयास मी आज उभा राहिलो नाही. माझे विचारणे एवढेच आहे की, हार सुकल्यावर त्या मुलाचे पुढे काय झाले, याची विचारपूस दुसऱ्या रविवारी आपल्यापैकी कोणी करितो काय?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे मोठे गाव आहे. तेथे एस.टी.ची वाट पाहात असता एक तरुण माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती व तीत पदवीची, गुणांची, जातीची व रहिवासाची अशी सारी प्रमाणपत्रे नीट घडी करून ठेविलेली होती. त्याने मला ओळखिले, नमस्कार केला, आणि मान खाली घातली. मी म्हणालो, "अरे, तू तर पुण्याकडे कामास लागला होतास ना?" तो म्हणाला, "लागलो होतो, पाळकसाहेब. तीन महिन्यांत परत आलो." मग थोड्या वेळाने आपण होऊनच बोलू लागला. काम कंत्राटदारामार्फत होते. खोलीची अनामत आधी भरावी लागली. त्यासाठी बापाने एक बैल विकला. पगार पुढील महिन्याच्या दहाव्या तारखेस हाती पडावयाचा. म्हणजे कामावर गेल्यापासून चाळीस दिवस जवळ दिडकी येणार नव्हती. रात्रपाळी, एक वेळचे जेवण, आणि आजारी पडलो तर सांगावयास कोणी नाही. तो म्हणाला, "कामाला मी भीत नव्हतो, साहेब. पण तिथं माझं नाव घेऊन हाक मारणारं माणूस नव्हतं."

गावात मात्र त्याच्याविषयी एकच वाक्य फिरत होते : पोरगा पुण्याहून पळून आला.

ते ऐकून मला शौलाची आठवण झाली. शौल हा काही अडाणी मनुष्य नव्हता. यरुशलेमात गमलियेलासारख्या नामांकित गुरूच्या पायांशी बसून तो शिकला होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याच्याजवळ उत्तम पदवी होती. शिवाय त्याच्या हातात राहुट्या करण्याचा धंदाही होता. असे असता दिमिष्काहून तो यरुशलेमास आला आणि शिष्यांत मिळावयास पाहू लागला, तेव्हा त्याला कोणीही जवळ केले नाही. सर्वांस त्याचे भय वाटले. त्यांच्या भीतीस कारण होते हे खरे. परंतु सांगावयाचा मुद्दा असा की, विद्या, कसब व खरा पालट ही तिन्ही जवळ असूनही तो मनुष्य दाराबाहेरच उभा होता. दार उघडले ते त्याच्या विद्येने उघडले नाही. कुप्र बेटाचा बर्णबा नावाचा एक लेवी पुढे झाला, त्याने शौलास आपल्याबरोबर घेतले, आणि प्रेषितांपुढे नेऊन उभे केले.

येथे कोणी म्हणेल, "यालाच आम्ही वशिला म्हणतो." नव्हे, बंधूंनो! वशिला आणि साक्ष यांत मोठे अंतर आहे, व ते नीट ध्यानात घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. वशिला लावणारा सांगतो की हा माझा मनुष्य आहे, याला घ्या. बर्णबाने तसे सांगितले नाही. शास्त्र म्हणते की त्याने घडलेल्या गोष्टी निवेदन केल्या : वाटेत या मनुष्यास प्रभूचे दर्शन कसे झाले, आणि दिमिष्कात याने निर्भयपणे कसे भाषण केले. म्हणजे त्याने आधी चौकशी केली होती. वशिल्याने दुसऱ्याची जागा हिरावली जाते व उमेदवाराचे दोष झाकले जातात. साक्षीने कोणाचे काही जात नाही, आणि साक्ष देणाऱ्यास मात्र आपले नाव पणास लावावे लागते. म्हणूनच वशिला देणारे पुष्कळ भेटतात व साक्ष देणारे थोडे. आपल्यापैकी कितीजणांस मंडळीतील पदवीधर मुलांना खरोखर काय येते हे ठाऊक आहे? अमक्याचा मुलगा बी.कॉम. झाला एवढे आपण सांगू. परंतु त्याला हिशेब लिहिता येतो की नाही, संगणकावर मराठी टंकलेखन येते की नाही, अनोळखी माणसाशी फोनवर धीटपणे बोलता येते की नाही, हे विचारले तर आपण गप्प बसू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला तेव्हा आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगरात खोट नव्हती. परंतु तो कोणाच्या तरी शेतात चालून शेजाऱ्याच्या डोळ्यांस दिसेपर्यंत त्याच्या गुणांचा काही उपयोग नव्हता. पुढे 1910 साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसांस हाताशी धरून, काम करिता करिता काम शिकवून, लक्ष्मणरावांनी त्यांतून कारागीर निर्माण केले. मला त्यांच्या कारखान्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

आता हा प्रश्न केवळ झरीच्या एका मुलाचा नाही, हे सांगणे अवश्य आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व दिल्लीची मानवविकास संस्था यांनी 2024 साली हिंदुस्थानातील रोजगाराविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात 2022 सालचे आकडे आहेत. तरुणांपैकी ज्यांस लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यातील बेकारीचे प्रमाण शेकडा 3.4, आणि जे पदवीधर त्यांच्यातील शेकडा 29.1! हे आकडे वाचून कोणी असा तर्क काढील की, मग शाळेत घालावेच कशाला? हा तर्क आळशी आहे. ज्यास लिहिता येत नाही त्याला रिकामे बसणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. पदवीधर थांबतो, कारण घरच्यांनी त्याला थांबावयास सांगितलेले असते. आपण त्याला शेतातून उठवून शाळेत बसविले. शाळा संपल्यावर ऑफिसच्या दारापाशी नेऊन सोडिले. आणि मग आपण घरी परत आलो. पोरगा तेथेच उभा आहे.

शौलही असाच थांबला होता. यरुशलेमात त्याच्या जिवावर बेतले तेव्हा बंधूंनी त्याला कैसरियास नेऊन तेथून तार्सास, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावी, पाठवून दिले. त्यानंतर काही काळ शास्त्रात त्याचे नावही येत नाही. हा काळ कित्येक वर्षांचा असावा असे अभ्यासक धरितात. एवढा विद्वान मनुष्य गावी परत आला तेव्हा तार्सातील शेजारी काय म्हणाले असतील? परभणीविषयी एक जुनी म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." तिचे अर्थ लोक आपापल्या परीने लावितात, परंतु बाहेर नशीब न उघडलेला मनुष्य परत गावाकडे येतो तेव्हा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे तीत बरोबर उतरले आहे. तार्सातही अशी एखादी म्हण असेलच.

आणि मग अकराव्या अध्यायात ती लहानशी गोष्ट येते, जी वाचताना मी नेहमी थांबतो. अंत्युखियात काम वाढले. यरुशलेमच्या मंडळीने बर्णबास तिकडे पाठविले. एवढे मोठे काम हाती आल्यावर दुसरा एखादा त्याचा मान स्वतःकडे ठेविता. बर्णबा उठून तार्सास गेला, शौलाचा शोध करावयास! त्या काळी ती वाट सोपी नव्हती. शौलाने अर्ज केला नव्हता. बर्णबाला तो आठवला. काम पाहिल्याबरोबर तो माणूस आठवला. त्याने त्याला शोधून काढिले, अंत्युखियास आणिले, आणि पुढे पुरते एक वर्ष दोघांनी बरोबर काम केले. मुलास कामावर लावून देऊन बर्णबा निघून गेला नाही, हे ते वर्ष सांगते. पुढे ग्रंथात आधी "बर्णबा व शौल" अशी येणारी नावे उलटून "पौल व बर्णबा" अशी होतात. त्याबद्दल बर्णबाने कोठे कुरकुर केल्याचे आढळत नाही.

मराठवाड्यात उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे बायका वाळूत झरा उकरितात. पहिले पाणी गढूळ येते. ते उपसून टाकावे लागते, थोडे थांबावे लागते, मग स्वच्छ पाणी झिरपू लागते. पहिल्या गढूळ पाण्याकडे पाहून झरा बुजवून टाकणारी बाई मी पाहिली नाही. परंतु नव्या कामकऱ्याचे पहिले तीन महिने पाहून त्याला निकामी ठरविणारे शहाणे रोज भेटतात.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 सालचा आहे. प्रथम तो कारागिरीच्या धंद्यांपुरता होता, पुढे 1973 साली त्यात अभियंते घेतले गेले व 2014 साली इतर पदवीधरांसही वाट मिळाली. महाराष्ट्र सरकारने 2024 च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढिली. तीत अठरा ते पस्तीस वर्षांच्या तरुणांस ऑफिसांत व कारखान्यांत सहा महिने काम शिकता येईल, आणि त्याबद्दल बारावी झालेल्यास दरमहा 6,000, आय.टी.आय. व पदविकाधारकास 8,000 व पदवीधरास 10,000 रुपये मिळतील, असे ठरले. पुढे ही मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. ही योजना चांगली की वाईट यावर चावडीवर पुष्कळ वाद झाले. माझे मत विचाराल तर, दार उघडले हे बरे झाले. परंतु दारातून आत गेलेल्या मुलास तेथे काय शिकविले जाते, का केवळ कागद इकडून तिकडे नेण्यास लाविले जाते, आणि मुदत संपल्यावर तो कोठे जातो, हे विचारावयास त्याच्यामागे कोणी मोठा मनुष्य हवा. सरकार पैसे देऊ शकते. बर्णबा देऊ शकत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मोठे बेत मी सांगत नाही. प्रत्येक मंडळीत एक वही ठेवावी. तीत त्या वर्षी शिक्षण संपविलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, त्याला खरोखर काय येते, व त्याच्यासाठी मंडळीतील कोणता मनुष्य जबाबदार आहे, एवढे लिहावे. तो मनुष्य श्रीमंत किंवा फार शिकलेला असण्याची गरज नाही. दर पंधरवड्यास भेटणारा असावा म्हणजे पुरे. सरकारी नोंदणी आता संगणकावर होते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मार्गदर्शनाचे सरकारी केंद्र असते. परंतु तेथे एकट्याने पहिल्यांदा पाऊल टाकताना खेड्यातील पोराचे पाय जड होतात. बरोबर जा. बाहेर बाकावर बसून राहा. तेवढ्यानेही पुष्कळ होते.

दुसरे, त्या चाळीस दिवसांचा विचार करा. नोकरी लागणे आणि पगार हाती पडणे यांच्यामध्ये जी दरी आहे, तीत आपली मुले पडतात. सुगीच्या उपासनेत आपण ज्वारीची पोती, तुरीच्या पायल्या, कापसाची बोंडे वेदीपुढे आणून ठेवितो. त्यांच्या विक्रीतील एक वाटा याच कामासाठी वेगळा काढावा : खोलीची अनामत, महिन्याची खानावळ, जाण्याचे भाडे. मूल पगारावर स्थिर झाले म्हणजे थोडे थोडे परत करील, आणि तोच पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्यास उपयोगी पडेल. झरीच्या त्या बापाचा बैल एवढ्याने वाचला असता.

तिसरे, जे मूल गावातच राहू इच्छिते त्याला हरलेला समजू नका. परभणीचे कृषि विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. तेथून निघालेली परभणी क्रांती भेंडी देशात किती दूरवर पेरली गेली! तेथे शिकलेला मुलगा आपल्या गावी आला तर आपण त्याला विचारितो, "नोकरी कधी?" त्याऐवजी पाच शेतकऱ्यांनी त्याला म्हणावे, "ये बाबा, आमच्या मातीचा नमुना घे, आणि यंदा कोणते बी पेरावे ते सांग. तुझे कष्टाचे पैसे आम्ही देऊ." फुकट सल्ला मागू नये. फुकट सल्ला मागणे म्हणजे त्याची विद्या फुकट आहे असे सांगणे होय.

मुलींविषयी मंडळ्यांत फारच थोडे बोलले जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. पंडिता रमाबाईंनी केडगावास मुक्तिसदनात दुष्काळातून आणिलेल्या मुलींना अक्षरे शिकविली, आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत. विणकाम, घाणा, गुरांची निगा, छापखाना ही कामे त्यांच्या हाती दिली. बाईंनी केलेले मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. शंभर वर्षांपूर्वी हे झाले. आज आपल्या पदवीधर मुलीस परभणीस कामावर जावयाचे तर संध्याकाळच्या एस.टी.चा व तिच्या सोबतीचा प्रश्न निघतो, आणि तो सुटत नाही म्हणून तिचे लग्न लवकर ठरविले जाते. सोबतीचा प्रश्न तर मंडळीने एका संध्याकाळी बसून सोडविण्यासारखा आहे.

आता त्या परत आलेल्या मुलाविषयी. यासाठीच मी पंधरावा अध्याय आज वाचावयास घेतला. योहान मार्क हा तरुण बर्णबा व पौल यांच्याबरोबर पहिल्या फेरीस निघाला, आणि पंफुलियात पोहोचल्यावर त्यांस सोडून यरुशलेमास परत गेला. का, हे शास्त्र सांगत नाही. घरची आठवण, आजार, भय, काहीही असेल. दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा घेऊ. पौल म्हणाला, नको. जो मध्येच सोडून गेला त्याला घेणे ठीक नाही. आणि दोघांत असा तीव्र वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले.

पौलाचे म्हणणे खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. काम मोठे होते आणि काम अर्ध्यावर टाकणारा माणूस धोक्याचा. कोणताही मालक असेच बोलेल. परंतु बंधूंनो, हेच बोलणारा पौल स्वतः कधीकाळी दाराबाहेर उभा होता, आणि ज्याने त्याचा हात धरिला तोच मनुष्य आता दुसऱ्या एका पोराचा हात धरण्याविषयी त्याला विनवीत होता! वर चढल्यावर जिना विसरणे हा शिकलेल्या माणसाचा जुना दोष आहे. आपल्या मंडळ्यांतून शहरात जाऊन स्थिरावलेले पुष्कळ आहेत. ख्रिस्तजन्माच्या सणास ते येतात, नवी गाडी चर्चच्या अंगणात उभी करितात. त्यांच्यापैकी कितीजणांच्या खोलीत गावचा एखादा पोरगा पहिला महिना राहिला आहे?

मार्क हा बर्णबाचा नातलग होता, म्हणून त्याने बाजू घेतली, असेही कोणी म्हणेल. असेल. परंतु शौल तर नातलग नव्हता.

बर्णबाने मार्कास घेतले आणि तो कुप्रास गेला. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. पुढची सारी कथा पौलाची आहे. परंतु पुष्कळ वर्षांनी, तुरुंगातून तीमथ्यास लिहिलेल्या शेवटच्या पत्रात, म्हातारा पौल दोन-तीन गोष्टी मागवितो : त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके, चर्मपत्रे, आणि येताना मार्कास बरोबर घेऊन ये असे सांगतो, कारण सेवेच्या कामी तो आपल्याला उपयोगी आहे. जो एकदा सोडून गेला तोच! मधल्या वर्षांत कुप्रात बर्णबाने त्याच्याबरोबर काय केले, त्याला कसे शिकविले, किती वेळा समजाविले, हे कोणी लिहून ठेविले नाही.

झरीच्या त्या तरुणास मी त्या दिवशी काही उपदेश केला नाही. त्याची पिशवी मागून घेतली आणि कागद पाहिले. एका प्रमाणपत्रावर विद्युत पंप दुरुस्तीचा लहानसा अभ्यासक्रम पुरा केल्याची नोंद होती. ती त्याने स्वतःच्या माहितीपत्रात लिहिलीच नव्हती. मी विचारिले, "हे का नाही लिहिले?" तो म्हणाला, "ते काय, साहेब, ते तर असंच शिकलो होतो." परभणीस एका पंप दुरुस्तीच्या दुकानदारास मी ओळखतो. एस.टी. आली. मी त्याला म्हणालो, "सोमवारी सकाळी याच ठिकाणी थांब. मी येतो, आपण दोघे बरोबर जाऊ."